पंधराची मोटर आणि अर्धा बंद वॉल: एका ग्रामपंचायतीच्या लाईटबिलाचं प्रकरण

गाव आणि परिस्थिती

गावाचं नाव देत नाही, लोकांचीही नावं देत नाही, पण जे झालं ते झालं तसंच लिहितोय. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचा दुष्काळी पट्टा, जत-आटपाडी-कवठेमहांकाळ ही नावं ऐकली की जे डोळ्यासमोर येतं तसलंच गाव. लोकसंख्या २८०० च्या आसपास, साडेपाचशेच्या जवळपास नळ कनेक्शन, गावापासनं अडीच किलोमीटरवर तलावाखाली पंचायतीची पाणीपुरवठ्याची विहीर, तिथनं चार इंची लाईन गावात येते आणि एक लाखाच्या टाकीत पडते. या भागात पाणी म्हणजेच वीज हे कुणाला शिकवायला लागत नाही, ताकारी टेंभू म्हैसाळ तिन्ही योजना कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर उचलून आणतात आणि बिल थकलं की आवर्तन लांबतं हे शेतकऱ्यानं कित्येक वर्षं सोसलंय. पण तोच हिशोब आपल्या पिण्याच्या पाण्याला लावायचा हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही, आणि मी तर मूळचा याच गावचा, इलेक्ट्रिकलच्या कामातच पंधरा वर्षं घातलेला माणूस.

पंचायतीकडं विजेची पाच कनेक्शनं होती, एक विहिरीवरच्या मोटरचं आणि चार रस्त्यावरच्या दिव्यांची, चार डीपींवर (ट्रान्सफॉर्मरवर) एकेक. थकबाकी साचत आली होती. एका उन्हाळ्यात दिव्यांची लाईन तोडली, पंधरा दिवस गाव अंधारात, आणि त्याच दरम्यान मोटर जळाली म्हणून नऊ दिवस टँकर. त्यानंतर सरपंच ताईंचा मला फोन आला की दादा सुट्टीला येशील तेव्हा एकदा बिलं बघून जा, वसुली सगळी लाईटबिलातच जातीय, गटार काढायलासुद्धा पैसे उरत नाहीत.

नेमकी अडचण काय होती

वरवर बघितलं तर अडचण पैशाची. पण भाऊसाहेबांनी (आमच्याकडं ग्रामसेवकाला सगळे भाऊसाहेबच म्हणतात) दोन वर्षांची बिलं फाईलीतनं काढून टेबलावर मांडली तेव्हा तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसल्या.

पहिली, मोटरचं बिल सगळ्यात मोठं होतं, महिन्याला ४८०० ते ४९०० युनिट, म्हणजे दिवसाला १६० च्या वर. दुसरी, दिव्यांच्या चार मीटरपैकी दोन बंद होते आणि त्यांचं बिल सरासरीवर येत होतं, म्हणजे दिवे जळोत न जळोत आकडा तोच. त्याबद्दल पंचायतीनं कधी लेखी अर्जच दिला नव्हता हेही फाईलीतच कळलं. तिसरी गोष्ट बिलात नव्हती, रस्त्यावर होती. मी दुपारी बाराला एसटीतनं उतरलो तर स्टँडपासनं देवळापर्यंतच्या खांबांवरच्या निम्म्या ट्यूब चालू होत्या.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे टेकाडावरच्या आळीत पाणीच चढत नव्हतं. दिवसाला १२ तास मोटर चालून टेलच्या, म्हणजे लाईनीच्या शेवटच्या, ६०-७० घरांना चार-पाच घागरी मिळायच्या. तिथल्या एक मावशी मला म्हणाल्या, "बाबा, मोटर रात्रंदिस घुमतीया त्ये ऐकू येतंय, पर पाणी कुठं जातंय त्ये तेवढं सांग." सगळ्या कामाचा खरा प्रश्न हाच होता, आम्हाला तो कळायला दोन महिने लागले.

टेबलावर काय काय पर्याय होते

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय आला तेव्हा बहुतेकांचं मत ठरलेलं होतं, सोलर बसवा. एक पुरवठादार आधीच कोटेशन देऊन गेला होता, पंधरा एचपीच्या मोटरला पंधरा किलोवॅटच्या प्लेटा, बिल शून्य असं तोंडी सांगून. तरुण पोरांचा आग्रह होता, आणि त्यांचं चुकीचं नव्हतं, ऊन तर आमच्याकडं भरपूर. दुसरा गट म्हणत होता सगळ्या खांबांवर एलईडी लावा आणि चौकात हायमास्ट बसवा, दिसणारं काम होतं. तिसरं मत थोड्यांचं, मोटर परत परत जळतीय तर नवी मोठी वीसची घ्या म्हणजे लोड येणार नाही.

मी त्या सभेत फळ्यावर एवढंच मांडलं. आपल्याकडं एक किलोवॅट सोलर वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला साधारण ४ युनिट देतं. पंधरा किलोवॅट म्हणजे ६० युनिट. आपण जाळतोय १६०. म्हणजे बिल शून्य नाही होणार, एक तृतीयांशाच्या थोडं वर भागेल. सगळं भागवायचं तर ४० किलोवॅट पाहिजे, एका किलोवॅटला साधारण १० चौरस मीटर जागा धरली तर चार गुंठे, आणि विहिरीजवळ पंचायतीची जागा दोन गुंठ्यांच्या वर नाही. सभेत शांतता झाली, मग एकानं विचारलं मग काय करायचं ते सांग. मी म्हटलं मला २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपर्यंत वेळ द्या, १६० युनिट कुठं जातात ते आधी बघू, मग किती किलोवॅट लागतील ते ठरवू.

पहिला निर्णयाचा क्षण हाच. ताईंवर दबाव होता, निवडणुकीला दीड वर्ष उरलेलं आणि सोलरचं उद्घाटन कुणाला नको असतं, तरी त्यांनी जवळपास सात आठवडे थांबायचा ठराव मांडला आणि तो थोडक्यात पास झाला. मोठ्या खासगी किंवा सरकारी कंपनीनं स्वतःच्या पैशानं दिवे बदलायचे आणि बचतीतनं वसूल करायचं हा मार्गही आम्ही तपासला, २०१५ पासनं ईईएसएल या सरकारी कंपनीच्या पथदिवे कार्यक्रमातनं देशात शहरांमध्ये अशी कामं झालीत, पण आमच्या ११२ खांबांसाठी आम्ही विचारलं तिथं कुणी पुढं आलं नाही. छोट्या पंचायतीला स्वतःच करावं लागतं हे तिथंच ठरलं.

मोजमाप: तात्या आणि तो वॉल

गावात पाणी सोडणारे तात्या, वय साठीच्या पुढं, बावीस वर्षं हेच काम करतायत. मी त्यांच्याबरोबर पहाटे चारला विहिरीवर गेलो. बरोबर अँपिअर मोजायचा टाँग टेस्टर, दाब मोजायचे दोन प्रेशर गेज आणि एक टेप, एवढंच सामान.

तात्यांनी स्टार्टर दाबला, मोटर उठली, आणि लगेच ते लाईनीवरच्या चाकाच्या वॉलपाशी (व्हॉल्व्हपाशी) गेले आणि वॉल अर्धा बंद करून आले. मी विचारलं हे काय. म्हणाले, "पूर्ण सोडला की अँपिअर वाढतंय, रिले पडतोय. म्हणून अर्ध्यावर ठेवतो." किती वर्षं? "ही मोटर आल्यापासनं. आठ वर्षं झाली की." मी वॉल पूर्ण उघडायला लावला, टेस्टरवर २८ अँपिअर, दोन मिनिटांत रिले पडला, म्हणजे जादा लोडनं मोटर आपोआप बंद. परत अर्धा बंद केला, २२ अँपिअर, मोटर गुमान चालली.

मग दोन्ही बाजूला गेज लावले. वॉलच्या अलीकडं ९ किलो. पलीकडं पावणेसहाच्या जरा वर. मी तिथं दोन मिनिटं बसूनच राहिलो. मोटर पाण्याला ९ किलोचा दाब देत होती आणि त्यातला तीन किलोच्या वर दाब तो वॉल खाऊन टाकत होता, रोज १२ तास, आठ वर्षं.

कारण मागनं कळलं. ही पंधराची मोटर घेतली तेव्हा पाणी दुसऱ्या, लांबच्या टेकडीवरच्या टाकीत चढवायची योजना होती. ती टाकी गळायला लागली, वापरातनं गेली, गावाजवळ नवी टाकी झाली, ती पहिलीपेक्षा तीसेक मीटर खाली. मोटर तीच राहिली. जास्त उंचीसाठी बनवलेला पंप कमी उंचीवर मोकळा सोडला की पाणी जास्त फेकतो, लोड वाढतो, आणि मोटर वाचवायची म्हणून वॉल दाबून खोटी उंची तयार करावी लागते. तात्यांनी आपल्या परीनं बरोबरच केलं होतं, नाहीतर मोटर दर दोन महिन्याला जळाली असती. आणि त्यांनी हे मागच्या दोन्ही बॉडींना सांगितलं होतं असं ते म्हणाले. कुणी ऐकून घेतलं नाही, कारण पाणी तर येत होतं ना.

त्यानंतर टाकीवर चढलो. गावाचा वॉल बंद ठेवला, म्हणजे टाकीत फक्त येणार, जाणार काही नाही, आणि टेप सोडून पाण्याची पातळी मोजली. टाकीचा व्यास ६ मीटर. एका तासात पाणी ७१ सेंटिमीटर चढलं, म्हणजे २० हजार लिटर. त्याच तासात विहिरीवरच्या मीटरमध्ये साडेतेरा युनिट पडली होती, भाचा तिथं मोबाईलवर फोटो काढत उभा होता, तासाच्या सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक.

आता हिशोब बघा. १ हजार लिटर पाणी १०० मीटर उचलायला कमीत कमी ०.२७ युनिट लागतं, हे भौतिकशास्त्र आहे, यात कुणाचं मत चालत नाही. आमची एकूण उंची, विहिरीतली पातळी ११ मीटर धरून आणि लाईनीतलं घर्षण धरून, ६९ मीटर. २० हजार लिटरला पावणेचार युनिट. आम्ही देत होतो साडेतेरा. म्हणजे १०० रुपयांच्या विजेतलं २८ रुपयांचं काम होत होतं, बाकीचं वॉलमध्ये, चार वेळा रिवाइंडिंग केलेल्या मोटरमध्ये आणि झिजलेल्या इम्पेलरमध्ये (पंपाच्या आतलं पाणी फेकणारं चाक). चांगला नवा पंपसेट योग्य उंचीचा निवडला तर हे ४५ ते ५० पर्यंत नेता येतं.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर

मोटरचं कळलं, पण पाणी कुठं जातंय ते बाकीच होतं. १२ तास गुणिले २० हजार म्हणजे दिवसाला २ लाख ४० हजार लिटर टाकीत पडत होतं. जलजीवनचा निकष माणशी दिवसाला ५५ लिटर, आमच्या गावाला दीड लाखाच्या थोडं वर पुरलं पाहिजे. मग वरचं ८५ हजारांच्या आसपास लिटर कुठं?

बचत गटाच्या बायकांनी हे काम हातात घेतलं आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात अवघड काम त्यांनीच केलं. आठ जणी, चार दिवस, पाणी सुटायच्या वेळेला आळीआळीनं फिरल्या आणि वहीत लिहीत गेल्या. दोनशेच्या वर नळांना तोटीच नव्हती. घागर भरली की पाइप तसाच गटारीत सोडलेला. ३४ घरांनी नळालाच छोटी मोटर लावलेली. खालच्या आळीत कितीतरी ठिकाणी नळ जमिनीच्या खाली दोन-दोन फूट खड्ड्यात घेतलेले. टेकाडावर मग काय चढणार.

लोकांना शिव्या घालून उपयोग नव्हता हे त्या बायकांनाच आधी कळलं. एकीनं सभेत सांगितलं की आम्ही तोटी का काढली माहितीय का, पाणी कधी येईल आणि किती वेळ राहील याचा भरोसा नाही, तोटीनं धार बारीक होते, तेवढ्यात पाणी गेलं तर? ही गोष्ट आम्हा पुरुष मंडळींच्या डोक्यात आलीच नसती. म्हणजे आधी वेळ पक्की करायची, मग तोटी मागायची, उलटं चालणार नाही.

काय ठरवलं आणि कसं केलं

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सगळे आकडे मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावले. सोलर रद्द नाही केलं, पुढं ढकललं. आधी पंप, वाटप आणि मीटर, मग दिवे, मग सोलर, असा क्रम ठरला.

पैशाचा भाग लवकर सांगतो. १५ व्या वित्त आयोगाचा निधी दोन भागात यायचा, ६० टक्के बंधित जो पाणी आणि स्वच्छतेवरच टाकता यायचा, आणि ४० टक्के अबंधित. पंप, पॅनल, वॉल, पाणी मोजणारा फ्लो मीटर, तोट्या हे सगळं बंधितमधनं बसलं. दिवे अबंधितमधनं. पण गावाच्या विकास आराखड्यात ही कामं नव्हतीच, पुरवणी आराखडा करून मंजुरीत तीन महिने गेले. भाऊसाहेबांनी पंचायत समितीच्या खेपा मारल्या, त्यांचं नाव कुठल्या फलकावर नाही म्हणून इथं लिहितोय.

पंप किती एचपीचा घ्यायचा यावर खरी भांडणं झाली. हिशोबानं १० एचपी पुरत होता. सदस्य म्हणाले उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली जाते, साडेबारा तरी घ्या, थोडी मोठीच बरी. मला त्यांची भीती समजत होती, टँकरचे नऊ दिवस सगळ्यांच्या लक्षात होते. पण थोडी मोठीच बरी म्हणूनच तर पंधरा आली होती. मी तात्यांना विचारलं मे महिन्यात पाणी किती खाली जातं, त्यांनी विहिरीच्या पायऱ्या मोजून सांगितलं, अजून सहा-सात मीटर. म्हणजे उंची ७६ च्या आसपास. मग ६९ ला सगळ्यात चांगला चालेल आणि ७६ लासुद्धा पाणी देईल असा १० एचपीचा पंप कंपनीच्या कर्व्हवर (किती उंचीला किती पाणी देतो तो आलेख) बघून निवडला, वीजबचत ताऱ्यांनी दाखवणारं बीईईचं स्टार लेबल असलेला, आणि जुनी पंधरा विकायची नाही, दुरुस्त करून स्टँडबाय ठेवायची असा तोडगा निघाला. तो तोडगा काढला नसता तर ठराव पडला असता, माझी खात्री आहे.

जानेवारीत पंप बसला. पहिल्या दिवशी तात्यांनी सवयीनं वॉलकडं हात नेला, मी म्हटलं तात्या पूर्ण सोडा. चाक फिरवत फिरवत शेवटपर्यंत नेलं आणि स्टार्टरच्या डायलकडं बघत उभे राहिले. साडेतेरा अँपिअर. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काटा हलला नाही. काही बोलले नाहीत, चाकाला ग्रीस लावायला घेतलं.

वाटपात गावाचे चार भाग केले, टेकाडाला पहाटे सगळ्यात आधी पाणी, बाकी वॉल बंद. वेळापत्रक फ्लेक्सवर न छापता चार ठिकाणी भिंतीवर रंगवून घेतलं, पाऊस आला तरी राहील. पाणी सुटताना घरगुती लाईट बंद ठेवा म्हणजे नळाच्या मोटरी चालणार नाहीत, अशी एक सूचना आली होती, शेजारच्या गावात करतात म्हणे. आम्ही ती नाकारली. गावात ऑक्सिजन मशीनवरचे दोन पेशंट होते, पोरांचे पहाटेचे अभ्यास, गिरणी, चार जणांच्या चुकीसाठी सगळ्या गावाची लाईट घालवणं मला अजूनही पटत नाही. त्याऐवजी वेळ महिनाभर एक दिवसही न चुकवता पाळली, मग बचत गटानं घरोघरी जाऊन पितळी तोटी बसवून दिली, पंचायतीच्या खर्चानं, आणि त्यानंतर दंडाचा ठराव लावला. ३४ पैकी २६ मोटरी आपोआप निघाल्या. आठ राहिल्या, त्यातल्या दोन सदस्यांच्याच घरच्या होत्या, त्या काढायला ताईंना स्वतः जावं लागलं.

दिव्यांचं काय झालं

इथं आमची चूक झाली, आणि ती मोकळेपणानं लिहायला पाहिजे.

सुरुवात बरोबर केली. बंद असलेल्या दोन मीटरसाठी अर्ज, पाठपुरावा, नवे मीटर बसेपर्यंत एकही दिवा बदलायचा नाही, कारण सरासरी बिल चालू असताना एलईडी लावले तर बचत दिसणारच नाही. त्यात दोन महिने गेले पण ते वाया गेले नाहीत. जुनी ४० वॅटची ट्यूब चोकसकट ५० च्या वर खाते, तिथं २० वॅटचा एलईडी, हिशोब साधा होता. सगळे दिवे रात्रभर धरले आणि निम्मे दिवसाही, तर आधी दिवसाला १००-१०५ युनिट जात होती, ती २७-२८ वर यायला पाहिजे होती.

पण दिवे घेताना सगळ्यात कमी दराचं कोटेशन घेतलं. स्पेसिफिकेशनमध्ये वॅट लिहिले, गॅरंटी लिहिली, पण व्होल्टेज वाढलं तर दिवा किती सोसेल, म्हणजे ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन किती, हे लिहिलंच नाही. पहिल्याच वळवाच्या पावसात एका डीपीचा न्यूट्रल तुटला आणि त्या लाईनवरचे २३ दिवे एका रात्रीत गेले. दुकानदार म्हणाला व्होल्टेजनं गेले, गॅरंटीत बसत नाही. कागद त्याच्या बाजूनं होता. माझ्यासारख्या याच धंद्यातल्या माणसानं ती एक ओळ घालायला पाहिजे होती, घातली नाही, गावाचे पैसे गेले, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरी चूक टायमरची. स्वस्तातले काटेवाले टायमर लावले, लाईट गेली की ते थांबतात आणि आली की तिथनं पुढं चालतात. आमच्याकडं लाईट दिवसातनं चारदा जाते. महिन्याभरात एका डीपीवरचे दिवे सकाळी दहाला विझायला लागले आणि रात्री अकराला लागायला लागले, अंधारात एक म्हातारी पडली, हाताला प्लास्टर. मग सगळे टायमर काढून आत बॅटरी असलेले, सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ तारखेप्रमाणे स्वतः धरणारे टायमर घातले. ते आधीच घेतले असते तर खर्चात फार फरक नव्हता.

हाती काय आलं

मोटरचं मीटर आता तासाला ८.२ युनिटच्या आसपास चालतं आणि मोटर दिवसाला साडेनऊ तास. म्हणजे १६० च्या जागी ७८ युनिट, महिन्याला ४८०० च्या जागी २३०० ते २४००. पहिल्या मे महिन्यात पातळी खाली गेली तेव्हा २७०० पर्यंत चढलं, ते अपेक्षितच होतं. सगळे आकार धरून गावाला युनिटमागं पाच-साडेपाच रुपये पडायचे, त्या हिशोबानं पंपाचा खर्च साधारण वर्षभरात फिटला. टेकाडावर रोज पाणी जातं, मोजून पाऊण तास. थकबाकीचे हप्ते चालू आहेत, संपलेले नाहीत.

आणि सोलर? आता २० किलोवॅटमध्ये भागतंय, दोन गुंठ्यात, जागेवर बसतंय. प्रस्ताव दिलाय. ज्या पोरांनी १५ ऑगस्टच्या सभेत सोलर मागितलं होतं त्यांच्यातलाच एक आता त्याचे कागद सांभाळतो. त्या दिवशी घाईनं १५ किलोवॅट घेतलं असतं तर आम्ही त्या अर्ध्या बंद वॉलला सूर्याची वीज पाजत बसलो असतो.

परत करायचं झालं तर

एलईडी आणि टायमरचं वर सांगितलंच. याशिवाय तीन गोष्टी मनात आहेत. फ्लो मीटर विहिरीवर बसवला, टाकीवर नाही, पैसे एकाचेच होते. दोन्हीकडं असता तर अडीच किलोमीटरच्या लाईनीत किती गळतं ते रोज दिसलं असतं, परत केलं तर मी एखादा वॉल कमी करीन पण दुसरा मीटर बसवीन.

दुसरं, घरगुती वापराला आम्ही हातच लावला नाही. मुद्दाम सोडला, एका वेळी एकच, असं म्हणून. पण बायका घरोघर जात होत्याच, त्याच फेरीत पंख्याबद्दल बोलता आलं असतं, जुना पंखा ७५ वॅट खातो आणि कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा तिशीच्या आसपास, उन्हाळ्यात आमच्याकडं पंखा अठरा-वीस तास फिरतो. २०२३ पासनं पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालंय, पण ते लेबल वाचायचं कसं हे गावात कुणी सांगत नाही. पन्नास-शंभर पंखे एकत्र घेतले असते तर दरही उतरला असता. ती संधी गेली.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात जास्त लागतं, मी पहिले पंधरा दिवस बिलं आणि फाईलींतच घालवले. तात्यांकडं शेवटी गेलो. पहिल्या दिवशी पहाटे चारला गेलो असतो तर १५ ऑगस्टच्या सभेतच तो वॉल सांगता आला असता.

आत्ता

तात्यांना एक वही दिलीय. रोज तीन रकाने, मोटर किती तास, मीटरची युनिट, टाकी भरायला किती वेळ. पहिला महिना त्यांचा नातू लिहायचा, नंतर ते स्वतःच लिहायला लागले, आकडे मोठे मोठे, एका पानावर चारच दिवस मावतात.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. "तासाची युनिटं तीच हायेत, सव्वाआठ. पर टाकी भराया पाऊण तास जादा लागतोय, तीन दिस झालं. पंपाचं न्हाई, लाईनीचं हाय कायतरी." मी म्हटलं तात्या मी रविवारी येतो. रविवारी गेलो तर काम झालेलं होतं. ते आदल्याच दिवशी लाईनीच्या कडंकडंनं चालत गेले होते, ओढ्याच्या बांधाला एका जागी हिरवंगार गवत दिसलं, आजूबाजूला सगळं वाळलेलं असताना. खोदलं तर खाली एअर वॉलचा (लाईनीतली हवा सोडणाऱ्या वॉलचा) जॉइंट सुटलेला. वहीत त्या दिवसाच्या पुढं त्यांनी लिहिलं होतं, वढ्याजवळ गळती, काढली, आणि खाली टाकी भरायचा वेळ, परत आधीएवढा.